सतारीची नखी

थोरले बंधू गेल्यावर त्यांची सतार दोन वर्षें भिंतीशीं उभी होती. ती मुकी राहूं नये, असें म्हणून वहिनींनीं ती आमच्या स्वाधीन केली आणि सोबत डबींतली नखीही दिली.

नखी म्हणजे मिझराब; पोलादी तारेची, उजव्या तर्जनीच्या टोंकांत घालावयाची. दादांचें बोट सडपातळ. आमचें खडू धरून जाडावलेलें. पावघटकेंत बोट काळेंनिळें होई. पण ती नखी टाकणें म्हणजे दादांनाच दूर लोटणें, असें वाटे. अखेर ती चिमट्यानें फांकविली, तों ती उडून थेट देवघरांत! तीन महिन्यांत ‘दा’ आणि ‘रा’ हे दोन बोलही सारखे उमटेनात. या वयांत विद्या येत नाहीं, असें ठरवून आम्हीं सतारीवर गवसणी चढविली.

आमचा नातू गिटार शिकतो. तिच्या नखीस तो ‘पिक’ म्हणतो; शेतीशीं संबंध नाहीं. पूर्वीं तीं कासवाच्या कवचाचीं असत. त्या कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास १९७७ पासून बंदी आहे. त्यानें अर्ध्या मिलिमीटरपासून दीडपर्यंत जाडीचीं प्लास्टिकचीं पांच पिकें पुढें मांडलीं. “आजोबा, पातळ वाकतें, म्हणून सगळ्या तारा एकदम छेडायला सोपें, जाड एकेका तारेला बरें. मीं सगळीं वाजवून पाहिलीं, मग ठरवलें.”

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं आगगाडीनें मिरज गांठली. तेथें सुमारें १८५० पासून तंतुवाद्यें घडतात. मिरजेच्या सतारीस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. कारागिरानें नखीकडे न पाहतां आमचें बोट पाहिलें. तारेच्या दोन्ही बाजू बोटाच्या मांसावर बसाव्यात. हात झटकला तरी नखी पडूं नये, पण बोटाचा रंगही पालटूं नये. टोंक बोटापुढें थोडेंच यावें, फार आल्यास तें तारेंत अडकतें. तें खरखरीत नाहीं ना, हें त्यानें स्वतःच्या नखावर फिरवून पाहिलें. सात नख्या घालून काढल्यावर मध्यम जाडीची एक बसली.

त्या रात्रीं ‘दा’ स्वच्छ वाजला. दादांची नखी डबींत ठेवतांना अपराधी वाटून आम्हीं वहिनींस सारें सांगितलें. त्या हंसल्या. “भावजी, ती त्यांची पांचवी नखी. पहिल्या चार त्यांनीं चिडून परड्यांत फेकल्या होत्या.”