मंडईतील उराउरी भेट

दिवाळीचा पाडवा उलटला की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. पुण्या-मुंबईच्या वाचकांचा हा गैरसमज नेहमी होतो. झाडीपट्टीतील गावे हलके धान कापून झाल्यावर जो मेळा भरवतात, त्याचे हे नाव. शेजारच्या गावाची तारीख टाळून प्रत्येक गाव आपला दिवस ठरवते. दुपारी जिलेबी-शिंगाड्यांची दुकाने, दंडार, आणि रात्री मंडपात पहाटेपर्यंत रंगणारे नाटक. लेकी माहेरी येतात, नोकरीसाठी दूर गेलेले मुलगे परततात.

आपण पाहुणे म्हणून गेलात तर नाटकाची वाट पाहत बसू नका. दुपारी चारच्या सुमारास दुकानांच्या ओळीत उभे राहा. निरनिराळ्या गावी दिलेल्या दोन वृद्ध बहिणी तेथे समोरासमोर येतात. आधी शब्द नसतात. एकीची हनुवटी दुसरीच्या खांद्यावर विसावते, पाठीवर हात सावकाश वर-खाली फिरतो, आणि मग कुठे विचारले जाते, ‘‘कवा आली वो बाई?’’

त्या सावकाश फिरणाऱ्या हाताकडे डॉक्टरच्या नजरेने पाहावेसे वाटते. आपल्या केसाळ त्वचेत काही अतिशय बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या संथ गतीने, कोमटशा हाताने कुरवाळले की ते सर्वाधिक जागे होतात. वय वाढते तसे बोटांच्या टोकांना बारीक फरक कळेनासे होतात. पण संथ स्पर्शातले सुख वयाबरोबर ओसरत नाही. आपुलकीच्या मिठीने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, श्वास संथ होतो, खांद्यांचा ताठरपणा सैलावतो.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 404 निरोगी प्रौढांना सलग 14 संध्याकाळी दूरध्वनी करून विचारले गेले : आज कुणाशी वाद झाला का, कुणी मिठी मारली का? नंतर त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांना आधार आणि मिठ्या अधिक लाभल्या होत्या, त्यांना वादविवादांच्या ताणामुळे वाढणारा संसर्गाचा धोका तितकासा जाणवला नाही. अर्थात, मिठी मिळाली म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही.

मिठी हे पाश्चात्त्यांचे खूळ, असे मानणारे वाचक असतीलच. दसऱ्याला सोने देताना, लग्नातील व्याहीभेटीत, वारीच्या वाटेवर आपण काय करतो? ‘उराउरी भेटणे’ हा वाक्प्रचार आपलाच आहे. अडचण घरात आहे. मूल मोठे झाले की आईबापांचा हात त्याच्या पाठीवरून सुटतो. पुढे तोच मुलगा वाकून नमस्कार करतो, आई मस्तकावर हात ठेवते, आणि दोघेही दूर होतात. पती गेल्यावर एकट्या राहिलेल्या कित्येक आज्या माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाबाचा पट्टा सोडल्यावरही त्यांचा हात टेबलावर तसाच राहतो. महिन्याभरात त्या दंडाला झालेला मानवी स्पर्श बहुधा तेवढाच असतो. ही गोष्ट तपासणीच्या कागदावर लिहायला रकाना नाही.

तेव्हा मंडईच्या निमित्ताने गावी जाल, तेव्हा भेटा, मात्र जपून. हाडे ठिसूळ झालेल्यांना करकचून आवळू नका, उचलून तर मुळीच घेऊ नका. बरगडी मोडायला तेवढे पुरते. उभ्याने भेटत असाल तर त्यांचा तोल सावरेपर्यंत हात काढू नका. गुडघे दुखत असतील तर आपण शेजारी बसून खांद्याभोवती हात टाकावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पाठीमागून कधीही स्पर्श करू नये. समोर यावे, नाव सांगावे, हात पुढे करावा, आणि तिने तो धरला तरच जवळ घ्यावे. नागीण उठली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा आपल्याला खोकला-ताप असेल, तर तळहात हातात घेणे पुरेसे आहे. आणि ज्यांना जवळीक नको वाटते, त्यांचा नकार मान्य करावा. काही आजोबांना पाठीवरची थापच आवडते.

रात्री नाटकाला नेणार असाल तर शाल आणि कानटोपी घ्या. कार्तिकातली मंडपातली थंडी वृद्धांना सोसत नाही. पाठ टेकता येईल अशी खुर्ची बघा, बाजूला आपण बसा आणि एकच शाल दोघांनी पांघरा. पहाटेपर्यंत बसवण्याचा आग्रह नको. एखादा अंक पाहून घरी आणावे.

गावाची मंडई यंदा कोणत्या दिवशी आहे, हे दिवाळीपूर्वीच दूरध्वनी करून विचारून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती तारीख पाठ असते.