गाणं ओळख बघू

सातारा

चि. सोनू,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. मॅनेजर म्हणाले, ‘काम छान आहे, पण कम्युनिकेशन सुधारा,’ आणि तू लगेच क्लासची चौकशी करून मोकळीही झालीस. क्लासला माझी ना नाही. पण तू पाठवलेलं त्यांचं माहितीपत्रक मी चष्मा लावून पाहिलं. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, आरशासमोर रोज दहा मिनिटं कसं बोलायचं, सगळं आहे त्यात. आरशात कोण असतं गं? आपणच. त्या बाईला आपलं म्हणणं आधीपासूनच पटलेलं असतं. तिच्याशी बोलून काय कळणार?

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसती ‘हो आत्या, हो आत्या’ करतेस. म्हणून लिहितेय.

पैसे भरण्याआधी एक खेळ कर. रात्री जेवणं आटोपली की रूममेटला समोर बसव. ती केरळची आहे ना? मग दोघींना पाठ असलेलं एखादं हिंदी सिनेमाचं गाणं मनात धर. आता त्याची चाल बोटांनी टेबलावर वाजव. गुणगुणायचं नाही, मान डोलवायची नाही, नुसती टकटक. तिने गाणं ओळखायचं. आणि वाजवण्याआधी तू एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, ती ओळखेल की नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने १९९० साली पीएच.डी.साठी हाच खेळ लोकांना खेळायला लावला होता. सगळ्यांना ठाऊक असलेलीच गाणी होती. वाजवणाऱ्यांचा अंदाज असा, की निम्मी तरी सहज ओळखली जातील. एकूण १२० गाणी वाजवली गेली आणि ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द-सुरांसकट अख्खं गाणं चालू असतं. समोर पोचते ती फक्त टकटक. मजा अशी की वाजवणाऱ्यालाच राग येतो. एवढं सोपं गाणं हिला ओळखता येऊ नये?

आता तुझंच वाक्य बघ. ‘मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं की डेटा आल्याशिवाय रिपोर्ट निघणार नाही, पण कुणी लक्षच दिलं नाही.’ बाई गं, तू काय सांगितलंस ते तुला पक्कं ठाऊक आहे. त्यांना काय ऐकू गेलं, ते विचारलंस का? तुझा आवाज, तुझं इंग्रजी, तुझा तो सातारी हेल, हे सगळं नंतरचं. आपण बोललो म्हणजे पोचलं, ही समजूत आधी मोडायला हवी. खेळात ती पटकन मोडते, कारण पुढच्याच क्षणी समोरची व्यक्ती भलतंच गाणं सांगून मोकळी होते.

दुसरा खेळ मी शाळेत घ्यायचे. पावसाळ्यात मैदानात चिखल असला की पी.टी.चा तास वर्गातच व्हायचा आणि साठ पोरं आवरायला काहीतरी लागायचंच. एकाच्या हातात वस्तूचं चित्र द्यायचं. दुसरा त्याच्याकडे पाठ करून फळ्यापाशी उभा. पहिल्याने वस्तूचं नाव न घेता फक्त आकार सांगायचे, दुसऱ्याने मुकाट्याने काढायचं. एकदा चित्र होतं चहाच्या किटलीचं. वर्णन करणारा मुलगा वर्गातला बोलघेवडा, त्याला वाटलं हे तर डाव्या हाताचं काम. “एक मोठा गोल काढ. त्याच्या डोक्यावर छोटा गोल काढ. उजवीकडे वाकडी सोंड काढ. डावीकडे मोठा कान काढ.” फळ्यावर हत्ती अवतरला. शेपटी तेवढी काढणाऱ्याने आपल्या पदरची घातली होती. वर्ग हसून लोळला, आणि बोलघेवडा मात्र फळ्यापाशी जाऊन भांडायला लागला, “अरे, मी बरोबरच सांगत होतो!” आणि तो खरंच बरोबर सांगत होता, हीच तर गंमत.

दुसऱ्या फेरीला मी नियम बदलायचे. पाठ तशीच, पण काढणाऱ्याने हवं ते विचारायचं. “मोठा गोल खालून सपाट आहे का? सोंडेचं टोक वर बघतंय की खाली? कानातून बोट आरपार जाईल का?” तिसऱ्या प्रश्नालाच किटली तयार. हॅरल्ड लेविट आणि रोनाल्ड म्युलर या दोघांनी १९५१ साली भूमितीच्या आकृत्या देऊन असाच प्रयोग केला होता. प्रश्न विचारायची मुभा दिली की वेळ जास्त लागतो, पण आकृती जास्त बरोबर येते आणि दोन्ही बाजूंची खात्रीही वाढते, असं त्यांना दिसलं. तुमच्या मीटिंगांमध्ये वेळ वाचवायच्या नादात किती हत्ती निघत असतील, देव जाणे. तू चारचौघांत बोलायला लाजतेस ना, मग आधी प्रश्न विचारायला लाग. ‘डेटा म्हणजे जूनचा की जुलैचा?’ एवढं विचारायला वक्तृत्व लागत नाही.

तुझी दुसरी तक्रार, मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. याला कारण आहे. दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात निघालं. जपानी लोक सगळ्यात झटपट, डॅनिश जरा सावकाश. (त्या दहांत मराठी नव्हती. आपल्या घरची जेवणाची पंगत मोजली असती तर अंतर उणेच भरलं असतं.) मनातला एक साधा शब्द ओठांवर यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे जो तो समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपलं जुळवत असतो. तू जुळवतेस, पण जुळवायच्या नादात ऐकायचं राहून जातं आणि तुझं वाक्य मागच्या स्टेशनवर उभं राहतं.

यावर गप्पांच्या भेंड्या खेळा. समोरची जे शेवटचं वाक्य बोलेल त्यातला एक शब्द उचलायचा आणि आपलं वाक्य त्या शब्दाने सुरू करायचं. शेवटचं अक्षर घ्यायचा नियम आम्ही करून पाहिला, पण आपली निम्मी वाक्यं ‘आहे’ आणि ‘नाही’वर संपतात, त्यामुळे सगळे ‘ह’वर अडकून पडले. शब्द उचलायचा म्हटलं की शेवटपर्यंत कान द्यावेच लागतात. आणि वाक्याची सुरुवात समोरच्यानेच हातात दिलेली असते, ती शोधत बसावी लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. कुणी रस्ता विचारला तर लोकेशन पाठवू नकोस, तोंडाने सांग. पोवई नाक्यावरून राजवाड्याला चालत जायचं तर डाव्या हाताला अजिंक्यतारा दिसत राहिला पाहिजे, असं मी पाहुण्यांना सांगते. नवख्या माणसाला दुकानांची नावं काय कामाची? दमशेराज खेळतेसच, त्यात तोंड मिटलेलं असतं म्हणून तो सोडू नकोस. उखाणा घ्यायची धिटाई चांगली, पण हल्ली सगळ्या व्हॉट्सअॅपवरचे पाठ करून येतात, त्यात काय राम? कच्चा पापड, पक्का पापड म्हणून जीभ वळते, पण बोलणं सुधारत नाही, हे माझं स्पष्ट मत.

एक मात्र मनापासून कर. तुझ्या बाबाला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सध्या वाचायला मनाई आहे. रोज रात्री त्याला फोनवर चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची चार-पाच पानं वाचून दाखव. तो कुठे हसतो आणि कुठे गप्प राहतो, तेवढं ऐकत जा. गप्प राहिला की तू घाई केलीस म्हणून समज. दोन पानं मागे जाऊन तेच हळू वाच.

आणि पुण्यात आहेसच तर पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघायला भरत नाट्य मंदिरात जात जा. महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा १९६३ पासून घेते. योगायोग बघ, त्याच वर्षी व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंचं नाट्यखेळांवरचं पुस्तक आलं. शिकागोत त्या परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शिकवत आणि त्यांच्यासाठी बाईंनी खेळ रचले होते. त्यातल्या एकात निरर्थक भाषेत काहीतरी विकायचं असतं: ‘गाबडू फिंचा लो!’ हावभाव आणि सूर एवढ्यावर गिऱ्हाइकाला माल कळला पाहिजे. रूममेटला अशा भाषेत कांदे विकून बघ. भरतमध्ये मात्र एक कर. जो बोलतोय त्याच्याकडे बघू नकोस, ज्याची बोलायची पाळी नाही त्या नटाकडे बघ. आपल्या वाक्याची वाट बघत नुसता उभा असलेला नट तिसऱ्या रांगेतूनही ओळखू येतो, आणि प्रेक्षकांतली पोरं त्याला सोडत नाहीत.

क्लास लावायचाच असेल तर लाव, पण तिथे जोडीने करायचं काही आहे का, ते आधी विचार. नुसती भाषणंच असतील तर ते पैसे दिवाळीच्या तिकिटाला ठेव. रूममेटला सुट्टी असेल तर तिलाही घेऊन ये. त्याआधी तिच्या गावी पावसात घरात बसून काय खेळतात ते तिला विचार आणि सगळे नियम मला लिहून कळव. अर्धवट कळवलेस तर मी उलट प्रश्न विचारणार, कंटाळायचं नाही.

तुझी,
आत्या