चालणारी नकली पेटी

रुपया खणखणीत आहे का, हे पूर्वी वाजवून पाहत. संगणकजाळ्यातील स्विच असा वाजवून पाहता येत नाही. नकली स्विचचेही दिवे लुकलुकतात, त्यातूनही माहिती वाहते. तो चालतो, म्हणूनच त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

२०१९ मध्ये एका कंपनीतील काही स्विच सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर अचानक निकामी झाले. त्यांच्यावर सिस्कोचे नाव होते. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या संस्थेतील तज्ज्ञांनी ते उघडून तपासले आणि ते नकली असल्याचे जुलै २०२० मध्ये जाहीर केले. अस्सल स्विच सुरू होताना आपल्यातील सॉफ्टवेअर खरे आहे की नाही याची खात्री करून घेतो. नकली पेट्यांत या तपासणीला चकवण्याची सोय होती. हेरगिरीचा चोरदरवाजा सापडला नाही. हेतू पैशाचाच दिसत होता. तरीही कुलूप मोडलेले ते मोडलेलेच. शिवाय सुरक्षेतील उणिवा ज्या अद्ययावतीकरणाने बुजतात, त्यानेच अशी पेटी बंद पडू शकते. ती चालू ठेवायची, तर जाळे असुरक्षित ठेवावे लागते.

हा व्यापार किरकोळ नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील एका व्यापाऱ्याला मे २०२४ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. चीन व हाँगकाँगमधून आणलेली त्याची बनावट उपकरणे रुग्णालये, शाळा आणि सैन्यदलापर्यंत पोहोचली होती. त्यांतील पुष्कळशी जुनी, हलक्या प्रतीची यंत्रे होती. वरवर बदल करून ती नवी व महाग भासवलेली.

भारतात १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नव्या उपकरणांसाठी विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांचे बंधन आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने बाजारातून घेतलेला स्विच मात्र त्या बंधनात येत नाही. तेथे बहुधा सर्वांत कमी दराची निविदा जिंकते.

तापमापकाचे अंशांकन केल्याशिवाय नोंद न घेणारा संशोधक त्याच नोंदी वाहून नेणाऱ्या पेटीला मात्र केवळ नावावरून मान्यता देतो. अधिकृत विक्रेता, उत्पादकाकडून पडताळलेला अनुक्रमांक, अविश्वसनीय स्वस्ताईविषयी सावधपणा आणि जोडणीपूर्वी केलेले अद्ययावतीकरण, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ फसवणूक दारातच थांबते. मोजमापाची शिस्त उपकरणापाशी संपत नाही. ती तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी.