लोअर परळची बाग, कागदावरची

लंच अवरमध्ये लोअर परळला फुकटात बसायला जागा शोधून बघा. कॉफी घेतलीत तर गुबगुबीत सोफा मिळतो, प्रश्नच नाही. पण घरचा डबा उघडायला, झाडाखाली दहा मिनिटं पाय पसरायला साधं बाकडं? विसरा! माझं ऑफिस आहे त्या टॉवरच्या जागी पूर्वी कापड गिरणी होती. लॉबीत तिच्या चिमणीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावलाय. मस्त दिसतो. मधली गोष्ट मात्र त्या फोटोत नाही.

1982 च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगावाची धडधड पुन्हा पहिल्यासारखी सुरू झालीच नाही. प्रश्न उरला तो जमिनीचा. सुमारे 600 एकर, तीही ऐन मुंबईत! 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी 58 वा नियम आला. गिरणीची जागा विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरियांच्या अभ्यासगटाने सरकारी गिरण्यांचा एकत्रित आराखडाही दिला. तुकड्या-तुकड्यांच्या बागा नकोत, जागा एकमेकींना जोडा, एल्फिन्स्टन-परळ स्टेशनांबाहेर मोकळा चौक ठेवा, असा तो विचार. आराखडा बासनात गेला.

मग 2001 ची दुरुस्ती. वाटणी करायची, पण फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून रिकामी होणारी जागा वाटणीत धरायचीच नाही. आता गंमत बघा. समजा, 12 एकरांच्या गिरणीत 9 एकरांवर शेड आहेत. जुन्या हिशेबाने बागेला चार एकर मिळाले असते, नव्याने जेमतेम एक. अहो, गिरणी म्हणजे मुळात शेडच की! मला मॉलचा राग नाही (सेलच्या रांगेत मीही असते), राग येतो तो ‘मोकळी’ या एका शब्दाचा. पर्यावरणवादी कोर्टात गेले, 2005 मध्ये हायकोर्टात जिंकलेसुद्धा. मार्च 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला.

टॉवर आले, पाठोपाठ आम्ही आलो. स्टेशनचे जिने मात्र गिरणीच्या काळातलेच. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 जण गेले. आपल्यासारखेच, कामावर निघालेले. बाग म्हटलं की आपल्याला झोपाळे आणि जॉगिंग ट्रॅक आठवतो; गर्दीला श्वास घ्यायला जागा लागते, हे त्या दिवशी कळलं. नवा पूल शेवटी लष्कराने बांधून दिला, फेब्रुवारी 2018 मध्ये. त्याच वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. कोरियांचा चौक तेवढा राहिला.