तिखट कान

बारीक आवाज टिपतो त्याचे कान तिखट, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. शहापूरच्या तानसा अभयारण्यात पक्षी नोंदवताना एका जागी दहा मिनिटं थांबायचो. काही ऐकू आलं नाही की वहीत 'नाही' लिहून पुढे निघायचो.

हे मत बदललं मुरबाडकडच्या एका भातशेतात. आश्विनात दाणा भरला की रानडुकरांमुळे रात्रीची राखण लागते. माळ्यावर सोबतीला म्हातारे शेतकरी बाबा होते. दिवसा त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. मध्यरात्री मात्र ते एकाएकी उठले आणि पत्र्याचा डबा बडवू लागले. मला तोवर फक्त रातकिडे ऐकू येत होते. डबा वाजला आणि ओढ्याच्या अंगाने डुकरं पळाली, ते मलाही कळलं. पहाटेपर्यंत आणखी दोनदा डबा वाजला, तेव्हा काहीच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "नसला तर नुसता डबा वाजला. असला नि गप बसलो तर भात गेला, दादा."

पुढे वाचनात आलं की १९५० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात टॅनर आणि स्वेट्स यांनी हेच मांडलं होतं : संवेदन किती तीक्ष्ण हे वेगळं, आणि किती शंकेवर 'आहे' म्हणायचं हा निर्णय वेगळा. आवाज कधी येणार हे ठाऊक नसेल, तर तोच आवाज हुकण्याची शक्यता वाढते. कारण प्रत्येक क्षणाचा गोंगाट चाळावा लागतो. बाबांना डुकरांची वाट आणि वेळ ठाऊक होती. मला दोन्ही ठाऊक नव्हतं.

मग तानसाच्या वह्या काढून रानपिंगळ्याच्या नोंदी पाहिल्या. रानपिंगळा १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तानसात. हा पिंगळा दिवसाही वावरतो, बोलतो. मी घुबड म्हणून रात्री कान लावत होतो आणि ठामपणे 'नाही' लिहीत होतो. त्या नोंदी चुकीच्या होत्या, हे मी मान्य करतो.

आता मी किती वाजता, किती वेळ ऐकलं आणि वारा होता का, हे लिहितो. 'वाटलं' आणि 'ऐकलं' यांचे रकाने वेगळे ठेवतो. जंगलात नोंदी करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : 'नाही' लिहू नका, 'ऐकू आला नाही' असं लिहा.