लपलेला खुळखुळा

बाळाला दात आला, बाळ रांगू लागले, हे सर्वांना दिसते. त्याच्या मनात काय उगवले, ते मात्र सहसा कोणी पाहत नाही. माझी नात दहा महिन्यांची आहे. निवृत्तीनंतर मला सवड पुष्कळ. म्हणून मी तिला न्याहाळीत बसतो.

सहाव्या महिन्यात तिचा खुळखुळा मी उपरण्याखाली झाकला, की तिच्या लेखी तो संपलाच! ती त्याला शोधीतही नसे. नववा महिना लागला आणि एके दिवशी तिने उपरणे ओढून खुळखुळा काढला व माझ्याकडे असे पाहिले, जणू चोरच सापडला! स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांशी असेच खेळ मांडून टिपणे ठेवली आणि १९३७ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे मूल हळूहळू शिकते, असे त्यांचे म्हणणे.

पण हे ज्ञान फुकट मिळत नाही. पूर्वी सूनबाई कामावर निघाली, तरी नात माझ्या मांडीवर खुशाल खेळत असे. आता ती रांगत दारापर्यंत जाते, चौकट धरून उभी राहते आणि भोकाड पसरते. "गुरुजी, पोर रडकी झाली हो!" असे शेजारच्या वहिनी म्हणतात. मला तसे वाटत नाही. आई दाराआड कोठेतरी आहे, हे तिला आता ठाऊक झाले आहे. ती केव्हा परतेल, हे उमगायला मात्र अजून अवकाश आहे.

सायंकाळी फाटकाची कडी वाजते. आम्हां सर्वांच्या आधी तिची मान तिकडे वळते.