न विचारता

कॉम्प्युटर लावला की हल्ली आधी अपडेट. निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरत राहतात, आकडा 27 टक्क्यांवर अडतो आणि वीजबिल भरायचं राहून जातं. उशीर मी सोसेन. पण यंत्र माझं, पैसे माझे, आणि ते केव्हा बदलायचं हे परस्पर दुसराच ठरवतो, याचा संताप येतो.

मताचंही तेच झालंय. मी एका पक्षाला मत देतो आणि निवडून आलेला आमदार मला न विचारता दुसऱ्या पक्षात जातो. 1985 साली पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य, ही त्यातली पळवाट 2003 मध्ये बुजवली. तरी आमदार जातातच! कोण अपात्र याचा निवाडा विधानसभेच्या अध्यक्षांच्या हाती आणि त्याला कायद्यात मुदत नाही. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. अध्यक्षांचा निकाल यायला 10 जानेवारी 2024 उजाडला. अपात्र कोणीच नाही. विधानसभेच्या उरलेल्या मुदतीतला अर्ध्याहून अधिक काळ तोवर सरला होता.

हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच संसदेला तसा विचार करायला सुचवलं होतं. मत देणाऱ्याला निदान वेळेवर निकाल मिळाला पाहिजे, तो हक्कच आहे त्याचा.